शेजारचा माग

इचलकरंजीच्या स्टँडवर आप्पा एसटीच्या खिडकीखाली उभे होते आणि त्यांचे हात चालू होते. खिडकीची काच अडकलेली, इंजिन घरघरत होतं, आई बाहेरून काहीतरी ओरडून सांगत होती. चटणीची बरणी आडवी करू नको, एवढंच असणार, कारण आठ दिवस तिचं तेच चाललं होतं. आप्पा ओरडले नाहीत. त्यांनी उजवा तळवा छातीवर टेकवला, दोन बोटं डोळ्यांजवळ नेली आणि मग हात माझ्या दिशेनं पुढे ढकलला. मी बघतो, तू जा.

आईनं त्यांच्या दंडावर चापट मारली. चारचौघांत काय हातवारे करताय, असं म्हणाली असणार. माझ्या शेजारी बसलेल्या बाई कीव आल्यासारख्या माझ्याकडे बघायला लागल्या. वडील मुके आहेत असं त्यांना वाटलं. मी तोंड खिडकीकडे फिरवलं. बोलायला लागले असते तर रडले असते, आणि एकुलती एक पोरगी रडत गेली असं गल्लीत कुणी म्हटलेलं मला चालणार नव्हतं. मी अशीच आहे, आधी चिडते आणि रडायचं काम मागे ठेवते.

मी कबनूरची. इचलकरंजीला चिकटलेलं गाव. एक कुठं संपतं आणि दुसरं कुठं सुरू होतं ते ग्रामपंचायतीलाच माहीत. गल्लोगल्ली पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमाग. लहानपणी मला वाटायचं की खटखट हा हवेचाच आवाज आहे आणि तो सगळ्या जगात असतो. लाईट गेली की शांतता व्हायची आणि घराघरातली तान्ही पोरं दचकून उठून रडायला लागायची.

आप्पा चार माग सांभाळायचे. आई त्याच कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे मागात येरझाऱ्या घालणाऱ्या धोट्यात बसवायच्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायचं काम. आत स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही, त्यामुळे सगळं बोलणं हातांनी. दोन तर्जन्या जुळवून फटकन लांब केल्या की धागा तुटला. मिशीला पीळ दिला की दिवाणजी, म्हणजे मालकाचा कारभारी, आला. पंजा धोट्यासारखा डावीउजवीकडे फिरवून एकदम मूठ आवळली की माग थांबला, आणि अंगठा ज्या बाजूला असेल तिकडचा. माझ्या आईबापांची निम्मी भांडणं अशी हातांनीच झाली. घरी आप्पा कानानं मंद असल्याचा फायदा घ्यायचे, पण आई दोन्ही हात मोकळे करून समोर उभी राहिली की त्यांना पळवाट नसायची.

त्या शेडमध्ये एक रीत होती. कुणाला पाणी प्यायला किंवा डबा खायला जायचं असलं की शेजारचा माणूस त्याचे माग बघायचा. तो खूण करायचा, मी बघतो, तू जा. पण जाणाऱ्यानं लगेच पाठ फिरवायची नाही. आपल्या मागावर धागा तुटला असेल तर आधी तो सांधायचा, माग चालू करायचा आणि उलट खूण द्यायची. चिमटी चोळायची, गाठ मारताना चोळतो तशी, आणि पंजा डावीउजवीकडे दोनदा फिरवायचा, मूठ न आवळता. सांधलंय, चालू ठेव. पाळी बदलतानासुद्धा तेच. बंद माग दुसऱ्याच्या गळ्यात घालून घरी जाणारा माणूस आप्पांच्या लेखी कामगारच नव्हता. अशा एकाशी ते दोन वर्षं बोलले नव्हते, म्हणजे हातांनीसुद्धा नाही.

मी वस्त्रोद्योगातलीच पदवी घेतली आणि केनियातल्या थिका गावच्या एका कापडगिरणीत विणकाम खात्यावर देखरेखीची नोकरी लागली, तेव्हा घरात आठवडाभर कुणी धड जेवलं नाही. मीच म्हणाले, नको जायला. एकटी पोरगी, एवढ्या लांब. आप्पा जेवणाच्या ताटावरून उठता उठता बोलले.

"घर सोडणारी तू पहिली न्हाईस. माझा बा गावकी टाकून नेसत्या धोतरानिशी आलाय हितं. तू तर बॅगा भरून चाललीस."

आजोबांचं गाव नेसरीपासून कोसभरावर. धम्म घेतल्यावर त्यांनी गावकीची, म्हणजे जातीमुळे गावानं लादलेली, कामं करायची नाहीत असं ठरवलं आणि मागावर काम शिकायला इकडं आले. ते पुन्हा गावाकडे गेले नाहीत. आमच्या घरात जाणं ही रडायची गोष्ट नव्हती, ती अभिमानानं सांगायची गोष्ट होती. तरी आई रात्रंदिवस डोळे पुसतच होती, ते वेगळं.

थिका म्हणजे नैरोबीपासून तासाभराचं अंतर, भोवती अननसाची शेतं. पहिल्या दिवशी गिरणीत पाऊल ठेवलं आणि खटखट ऐकू आली तेव्हा हायसं वाटलं. पण आत कुणाशी बोलायचं कसं? मला स्वाहिली येत नव्हती आणि तिथल्या बायकांना माझं इंग्रजी कळत नव्हतं. वांजिरू नावाची एक विणकर होती, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, चार मागांची मालकीण असल्यासारखी चालायची. एकदा तिच्या पाठीमागच्या मागावर धागा तुटला आणि मला काही सुचेना, तेव्हा सवयीनं माझी बोटं जुळून लांब झाली. तिनं मागे वळून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग ती इतकी हसली की तिला मागाला टेकावं लागलं. महिन्याभरात सगळं खातं कबनूरच्या खुणांनी बोलायला लागलं. दिवाणजीची मिशी मात्र त्यांनी बदलली, कारण तिथल्या साहेबाला मिशी नव्हती. त्यांनी पोट दाखवायला सुरुवात केली.

मी हे आप्पांना फोनवर ओरडून ओरडून सांगितलं. ते म्हणाले, माग बघायची रीत पण शिकवलीस ना? मी म्हणाले, शिकवली. मग ठीक, म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

चार वर्षं अशी गेली. मी चहाला चायच म्हणायचे, कारण तिथंही चायच म्हणतात. उगाली नावाचा मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा मी आईच्या चटणीबरोबर खायला शिकले. घर सोडून तुमच्यापैकी कुणी दुबईत, कुणी पुण्यात, कुणी कुठं गेला असाल, तर तुम्हाला हे माहीत आहे. माणूस हळूहळू दोन ताटांत जेवायला लागतो आणि त्याचं त्यालाही कळत नाही.

मग दोन हजार एकवीसचा उन्हाळा आला.

गिरणीच्या कँटीनमध्ये टीव्ही होता. एरवी त्यावर फुटबॉल चालायचा. त्या दिवसांत त्यावर आपला देश दिसायला लागला. पेटलेल्या चितांच्या ओळी, दवाखान्याच्या दारात रिक्षात बसून श्वास घेणारी माणसं, पाठीवर ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन पळणारी मुलं. कँटीनमधल्या बायका एकेक करून माझ्या टेबलापाशी यायच्या आणि म्हणायच्या, पोले. स्वाहिलीत हा शब्द कशालाही चालतो, ठेच लागली तरी आणि माणूस गेलं तरी. मला त्याचा राग यायला लागला. वांजिरू तिसऱ्यांदा पोले म्हणाली तेव्हा मी ताट सरकवून उठले आणि तिला सांगितलं की ते दिल्ली आहे, माझं गाव तिथून फार लांब आहे, माझ्या घरी सगळे ठणठणीत आहेत. ती माझं ताट उचलून घेऊन गेली.

खरं तर मला भीती वाटत होती. सकाळी फोन उघडायला हात धजत नव्हता. गावच्या ग्रुपवर रोज कुणाचा तरी फोटो, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. आधी फोटो बघायचा, आपला नाही असं कळलं की सुटकेचा श्वास सोडायचा, आणि मग कुणाचा आहे ते बघून त्या श्वासाची लाज वाटायची. पिठाच्या गिरणीवाले काका गेले. आईबरोबर कांड्या भरणाऱ्या सुशीलामावशी गेल्या. मला चौथीत गणित शिकवणारे गुरुजी गेले. मी माझ्या खोलीत बसून फोनकडे बघत होते आणि खाली रस्त्यावर लोक अननस विकत होते.

आठ दिवसांत आईआप्पा दोघंही आजारी पडले. आईला नुसता ताप होता, तिला घरातच वेगळं ठेवलं. शेजारणी उंबऱ्यावर डबा ठेवून लांबून हाक मारायच्या. आप्पांचा श्वास मात्र पुरेना. इचलकरंजीत खाट मिळाली नाही, कोल्हापुरात एका रुग्णालयात मिळाली. मी निघायची तयारी केली, बॅग भरली, साहेबानं रजा दिली, आणि विमानं बंद झाली. आजही मला कुणी विचारतं, त्या वेळी तू का गेली नाहीस, तेव्हा मी एवढंच सांगते की विमानं बंद होती. पण जे तिकडं अडकले होते त्यांना ठाऊक आहे, हे उत्तर स्वतःला देता येत नाही.

आप्पांच्या वॉर्डात माधुरी नावाच्या सिस्टर होत्या. मी त्यांचा चेहरा कधीच पाहिला नाही. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, आणि पेशंटना ओळखू यावं म्हणून छातीवर मार्करनं नाव लिहिलेलं. त्या कसबा बावड्याच्या, एवढं मला माहीत होतं. रोज दुपारी चारला, म्हणजे थिकात दीड वाजता, त्या स्वतःच्या फोनवरून मला आप्पा दाखवायच्या. त्यांनी एका दिवशीही चुकवलं नाही. आप्पांच्या तोंडावर मास्क, त्यामुळे बोलणं नाही. मी बोलायचे ते त्यांना ऐकू यायचं नाही. पहिल्या दिवशी मी वेड्यासारखी आप्पा, आप्पा अशा हाका मारत होते. दुसऱ्या दिवशी मला अक्कल आली. मी फोन कपाटाला टेकवून ठेवला आणि हात वर केले.

आप्पांचे डोळे हसले. त्यांच्या एका हाताला सलाईन होतं, दुसरा मोकळा होता. त्या एका हातानं ते तासभराचं बोलणं पाच मिनिटांत करायचे. आई जेवते का. तिथले माग कसे आहेत. इथला दिवाणजी फार कडक आहे, म्हणजे डॉक्टर.

पाचव्या दिवशी फोन लागला तेव्हा सिस्टर वैतागलेल्या होत्या. म्हणाल्या की बाबा सकाळपासून हात झाडतायत, मास्क ओढतायत, असंच चाललं तर हात बांधावे लागतील, तुम्ही समजवा. मी बघितलं. आप्पा पंजा डावीउजवीकडे फिरवत होते आणि मूठ आवळत होते. माग थांबला, माग थांबला. तापात ते कारखान्यात जाऊन पोचलेत असं मला वाटलं. मी त्यांना आम्ही नेहमी करायचो तीच खूण केली. मी बघते, तुम्ही झोपा.

त्यांनी खाटेच्या कडेवर मूठ आपटली. चिडलेले आप्पा मला माहीत आहेत. मी त्यांचीच पोरगी आहे. त्यांनी पुन्हा पंजा फिरवला, मूठ आवळली आणि या वेळी अंगठा डावीकडे असा काही ताणला की हाताच्या शिरा दिसल्या. तेव्हा मला कळलं. ते कारखान्यात नव्हते. ते त्या वॉर्डातच होते, आणि शेजारचा माग थांबला होता.

मी ओरडले, "सिस्टर, डावीकडचा पेशंट बघा, आत्ता."

त्यांनी फोन आप्पांच्या पांघरुणावर टाकला. मला नुसता छताचा पंखा दिसत होता. माणसांची पळापळ ऐकू येत होती. पंखा फिरत होता आणि मी त्याच्याकडे बघत उभी होते. मग सिस्टर परत आल्या, धापा टाकत. शेजारच्या माणसानं झोपेत कूस बदलताना ऑक्सिजनची नळी पाठीखाली दाबली होती आणि ती सांध्यातून निसटली होती. सकाळपासून दोनदा निसटायला आलेली, आप्पा ते बघत होते.

"तुम्हाला तिकडं बसून कसं कळलं ताई?"

मी म्हणाले, आप्पांनी सांगितलं. चार माग सांभाळणाऱ्या माणसाचा एक डोळा कायम शेजारच्या मागावर असतो, हे मी त्यांना समजावून सांगितलं नाही. तेवढा वेळ त्यांच्याकडे नव्हता. पण त्यांनी आप्पांचे हात बांधले नाहीत. उलट दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, तुमचे बाबा आता आमच्या वॉर्डाचे सुपरवायझर आहेत.

शेजारचा तो माणूस नेसरीचा शेतकरी, बाळाप्पा. त्या बाजूला खाटा नव्हत्या म्हणून कोल्हापूरला आणलेला. तो सावरला. आप्पा मात्र खालावत गेले. नवव्या दिवशी सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या की ताई, आज नीट बघून घ्या. त्यांनी फोन जवळ धरला. आप्पांचे डोळे अर्धे मिटलेले होते. छाती अशी उडत होती की मला बघवेना. चार दिवस एकेका श्वासासाठी ते झगडत होते आणि मला वाटलं, हे माझ्यासाठी झगडतायत. पोरगी येईपर्यंत थांबायचं, बंद माग टाकून जायचं नाही.

मी उजवा तळवा छातीवर टेकवला. दोन बोटं डोळ्यांपाशी नेली. आणि हात पुढे ढकलला. मी बघते, तुम्ही जा.

पलीकडून कुणीतरी सिस्टरना हाक मारली आणि फोन बंद झाला. आप्पांनी माझी खूण पाहिली की नाही, मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा गेले. महापालिकेच्या माणसांनी त्यांना निरोप दिला. आई कबनूरला खोलीत, मी थिकात. विहारातल्या भंतेजींनी फोनवर त्रिशरण पंचशील म्हटलं आणि आईचा आवाज मागून येत होता, एका ओळीनं उशिरा.

तीन दिवस मी खोलीबाहेर पडले नाही. चौथ्या दिवशी दारावर थाप पडली. वांजिरू आणि खात्यातल्या चारजणी होत्या, थर्मासमध्ये चाय आणि फडक्यात चपात्या घेऊन. रविवारी त्यांच्या चर्चमध्ये त्यांनी प्रार्थना केली होती, बाबा आप्पासाठी. कबनूरच्या बौद्ध माणसासाठी थिकाच्या चर्चमध्ये प्रार्थना. आप्पांनी ऐकलं असतं तर म्हणाले असते, असू दे, त्यांनी त्यांच्या रीतीनं केलं. वांजिरू म्हणाली, पोले. या वेळी मी ताट सरकवलं नाही. तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मी मागे ठेवलेलं सगळं रडणं संपवून टाकलं. नंतर तिनं मला सांगितलं की माझ्या चार दिवसांत माझं काम तिनं बघितलं. मी विचारलं, तुला कुणी सांगितलं? तिनं तळवा छातीवर ठेवला. तूच शिकवलंस, म्हणाली.

पण एक गोष्ट मी तिलाही सांगितली नाही, आईलाही नाही. मी आप्पांना जा म्हणाले होते. दवाखान्यातल्या माणसाला त्याची पोरगी धीर देते, लढा म्हणते. मी हातानं ढकललं. त्यांनी ते बघितलं असेल आणि त्यांना काय वाटलं असेल? पोरगी कंटाळली? आणि बघितलं नसेल, तर ते कुणाचीही खूण न मिळता, एकटेच गेले. दोन्हीतलं काय बरं तेच मला ठरवता येईना. वर्षभर मी कामावर ती खूण केली नाही, तिची उलट खूणही नाही. कुणाला पाणी प्यायला जायचं असलं तर तोंडानं ओरडून सांगायचे.

पुढच्या उन्हाळ्यात विमानं सुरळीत झाल्यावर मी घरी गेले. आईचे केस पांढरे झाले होते आणि आवाज तसाच खणखणीत होता. गल्लीतले निम्मे माग चालू, निम्म्यांना कुलूप. आप्पांच्या जागेवर दुसरा कामगार लागला होता आणि आईनं त्याची चौकशी करून ठेवली होती. बरा हाय, म्हणाली, पण शेजारी बघत न्हाई.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात एक माणूस उभा राहिला. अंगात पांढरा सदरा, खांद्यावर तांदळाचं पोतं. माधुरी सिस्टरकडून आईचा नंबर मिळवून ते अधूनमधून फोन करायचे, माझं येणं त्यांना तसंच कळलं होतं. "नेसरीचा बाळाप्पा," म्हणाले, आणि पोतं उंबऱ्याच्या आत ठेवून तिथंच खाली बसले. आईनं त्यांना पाट दिला, चहा दिला. त्यांनी आप्पांच्या फोटोला हात जोडले. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, पीक, पाऊस, त्यांच्या म्हशी. उठायच्या बेतात असताना त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"ताई, एक इचारायचं हुतं. वरीस झालं मनात हाय. तुमचा शेवटचा फोन झाला बघा, आणि सिस्टर फोन घिऊन पलीकडं गेल्या. तवा तुमच्या आप्पांनी फोन गेल्याली बाजू बघत हाताचं असं केलतं."

बाळाप्पांनी आपला शेतात राबलेला जाड हात वर केला. त्यांनी चिमटी चोळली. मग पंजा डावीकडून उजवीकडे नेला, उजवीकडून डावीकडे नेला. दोनदा. मूठ आवळली नाही.

"मला वाटलं मलाच कायतरी सांगत्यात. मी व्हय व्हय म्हणालो. पर कळलं काय न्हाय. काय म्हणायचं हुतं त्यास्नी?"

आई चुलीपाशी होती, तिनं तिथूनच बघितलं होतं. तीस वर्षं त्या शेडमध्ये कांड्या भरलेली बाई.

"सांधलंय, चालू ठेव," ती म्हणाली. "एवढंच म्हणाल्यात." आणि पदर डोळ्यांना लावला.

मग मी बोलले. बाळाप्पांसमोरच बोलले, लाज वाटली नाही. मी आप्पांना जा म्हणाले होते, मीच खूण केली होती, वर्षभर मला झोप नाही. आई ऐकत होती. मला वाटलं आता ती रागावेल.

"तू म्हणालीस म्हणून गेलं व्हय? आख्ख्या आयुष्यात कुणाचं ऐकलं न्हाई त्यांनी. माझं न्हाई ऐकलं, दिवाणजीचं न्हाई. तुजं बरं ऐकतील. त्यांचा धागा सांधून झाला, मग गेलं."

बाळाप्पा आधी बावचळले, मग हसले, मग आईही हसली, डोळे पुसत पुसत. आप्पा गेल्यावर त्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं असेल. त्या दिवशी बाळाप्पा आमच्यात जेवून गेले, आणि जाताना आमच्याकडून नेसरीला येण्याचं वचन घेऊन गेले. आम्ही गेलो. आजोबा ज्या गावाकडं परत फिरकले नाहीत त्याच्या कोसभर अलीकडच्या घरात मी आणि आई पुढच्या दारानं आत गेलो, सोप्यात बसलो, आणि बाळाप्पांच्या बायकोनं आईला आपल्या हातानं वाढलं. आईनं परत येताना एवढंच सांगितलं, की तुझ्या आजोबांना हे बघायला पाहिजे होतं.

आता मला पुन्हा थिकाला येऊन तीन वर्षं झाली. दर रविवारी आईचा फोन येतो. बाळाप्पा महिन्यातून एकदा कबनूरला चक्कर मारतात, तिला दूध आणून देतात आणि तिच्याकडून शिव्या खातात, कारण ते चहात साखर फार घालतात. माधुरी सिस्टर दिवाळीला मेसेज करतात. त्यांचा चेहरा मी अजून पाहिलेला नाही आणि आता पाहिला तरी ओळखणार नाही. घर म्हणजे काय असं कुणी विचारलं तर पूर्वी मी पत्ता सांगायचे. आता मला वाटतं, आपण उठून गेलो तरी आपले माग कुणीतरी बघतं, ती जागा घर. मला अशा दोन जागा मिळाल्या. त्या उन्हाळ्यात ज्यांना एकही उरली नाही अशी कितीतरी माणसं आहेत, आणि कामावरून उठताना मला ती आठवतात.

त्या वेळी परत निघताना आई एकटीच स्टँडवर आली होती. पुन्हा खिडकीची काच अडकलेली. आमच्या नशिबी तशीच गाडी येते. या वेळी ती ओरडली नाही. आजूबाजूला कोण बघतंय ते तिनं बघितलंही नाही. तिनं तळवा छातीवर टेकवला, दोन बोटं डोळ्यांजवळ नेली आणि मला हातानं ढकललं. गाडी हलायच्या आत मी चिमटी चोळली आणि पंजा फिरवला, दोनदा. वर्षभर न केलेली खूण, पण हात विसरले नव्हते.

तिकीट फाडता फाडता कंडक्टर आमच्याकडे बघत होते.

"आई मुक्या हाईत काय तुमच्या?"

मी म्हणाले, "न्हाई हो. लई बोलत्यात."